इंटर्नशिपचं कॅलेंडर

"मॅम, तुम्ही इंटर्नशिपचं प्लॅनिंग कसं केलं होतं?"

हा प्रश्न आला तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते. माझ्या एका हातात निळा बल्ब, म्हणजे रक्ताच्या नमुन्याची छोटी नळी, होता आणि दुसऱ्या हातात आठ महिन्यांच्या पोराची मूठ. निळ्या बल्बमध्ये रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, कमी भरलं तर लॅब सरळ परत पाठवते. त्यामुळे मी काहीच बोलले नाही. विचारणारी आमची नवी इंटर्न. पीडियाट्रिक्सची पोस्टिंग, त्यातला दुसरा आठवडा. पुढच्या बेडकडे जाता जाता तिने ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून दाखवला. बारा रकाने, एकोणीस विषय, तीन रंगांची शाई.

मला हसू आलं नाही. असाच कागद माझ्याकडेही होता, फक्त आकाराने मोठा.

माझा कागद म्हणजे एका औषध कंपनीचं भिंतीवरचं कॅलेंडर. एमआर ओपीडीत देऊन गेलेला, कोणी घरी नेलं नाही म्हणून मी हॉस्टेलवर आणलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एप्रिल 2023 मध्ये पुढचं वर्ष आखलं. फायनलचा निकाल नुकता लागला होता, मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी झाली होती, आणि बार्शीला आईचे पेढे वाटून झाले होते. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी गुडघे दाखवायला आल्या. गुडघे दाखवून झाल्यावर जाता जाता म्हणाल्या, "आता पुढं कशात करणार? नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतंय बाई." डॉक्टर झाल्याचा आनंद आमच्याकडे साधारण पेढ्यांच्या खोक्याइतकाच टिकतो.

बाहेरच्या लोकांना हे गणित पटकन कळत नाही, म्हणून सांगते. साडेचार वर्षांचा अभ्यास, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. कागदोपत्री हे वर्ष हात बसण्यासाठी असतं. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पीडियाट्रिक्स, ऑर्थो, कॅज्युल्टी, खेड्यातलं केंद्र, सगळीकडे फिरायचं, सुई टोचायची, टाके घालायचे, बाळंतपणं करायची. त्याच वर्षात, किंवा ते संपता संपता, नीट-पीजी, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा, द्यायची. 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा, आणि समोर देशभरातले दोन लाखांहून जास्त डॉक्टर. फर्स्ट इयरला पाठ करून फर्स्ट इयरलाच विसरलेली ॲनाटॉमीसुद्धा त्यात असते. म्हणजे ज्या वर्षात वॉर्डात राहायचं त्याच वर्षात वाचनालयातही राहायचं. आमच्या कॉलेजची रीडिंग हॉल चोवीस तास उघडी असे, तिथल्या खुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या आणि शाली मालकांपेक्षा जास्त वेळ बसलेल्या असत.

कॅलेंडरवर मी जे आखलं ते दिसायला फार सुंदर होतं. जड पोस्टिंगच्या महिन्यांत हलके विषय, हलक्या पोस्टिंगच्या महिन्यांत जड विषय. मेडिसिन चालू असताना डोळ्यांचा आणि कानाघशाचा अभ्यास, पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पोस्टिंगमध्ये मेडिसिन आणि सर्जरी, शेवटचे तीन महिने फक्त रिव्हिजन आणि ग्रँड टेस्ट, म्हणजे पूर्ण पेपरच्या सराव परीक्षा. शहाण्या सीनियर्सनी हेच सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पोस्टिंगचा क्रम आपल्या हातात नसतो. तो रोल नंबरवरून ठरतो. ज्यांच्या बॅचला पीएसएम, सायकियाट्री, डोळे, इलेक्टिव्ह हे सगळं शेवटी येतं त्यांचा बाकीचे वर्षभर हेवा करतात, आणि ज्यांना शेवटी गायनॅक येतं ते नोटीस बोर्डापुढे उभे राहून नुसते बघत राहतात. साडेचार वर्षं रोल नंबरचा उपयोग फक्त व्हायवात आधी जायचं की नंतर एवढाच होता. इंटर्नशिपला कळलं की आडनावाला केवढा अर्थ असतो.

मला शेवटी मेडिसिन आलं. त्याच्या आधी गायनॅक.

आता कबुलीची गोष्ट. गायनॅकच्या पोस्टिंगमध्ये आम्ही चौघं होतो आणि आमचं 'ॲडजस्टमेंट' होतं. हा शब्द प्रत्येक इंटर्नला माहीत असतो, कुठल्या नियमात नसतो. दोघांनी यायचं, दोघांनी हॉलमध्ये बसायचं, आठवड्याने अदलाबदल. रेसिडेंट्सना, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांना, सगळं माहीत असतं. सकाळचं कलेक्शन झालं, रिपोर्ट ट्रेस झाले, ब्लड बँकेतून बॅग आली, की किती इंटर्न आले हे कोणी मोजत नाही. लॉगबुकवर सह्या होतात. मी त्या आठवड्यांत लेबर रूमपासून दोनशे पावलांवर बसून लेबरचेच एमसीक्यू सोडवले. बिशप स्कोअरमध्ये काय काय मोजतात ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एपिझिओटॉमीचे, म्हणजे बाळंतपणात दिलेल्या छेदाचे, टाके मात्र वर्षभरात मोजून सहा घातले. त्यातले दोन लेबर रूमच्या मावशींनी "डॉक्टर, जरा खालून घ्या" असं हळूच कानात सांगितल्यावर नीट बसले.

यात मला फार अपराधी वाटायचं असं नाही. खरं तर अजिबात नाही वाटायचं. सगळेच करत होते, आणि ज्यांनी नाही केलं त्यांना आम्ही मनातल्या मनात भोळे म्हणायचो. एक मुलगा होता आमच्या बॅचमध्ये, प्रत्येक पोस्टिंगला प्रत्येक दिवशी येणारा. त्याला आम्ही 'परमनंट' म्हणायचो.

मेडिसिनला मात्र ॲडजस्टमेंट चाललं नाही, कारण युनिट कडक होतं. आणि तिथेच ते फॉर्म चारचं प्रकरण घडलं. रुग्णालयात माणूस गेला की मृत्यूच्या कारणाचं जे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात तो हा फॉर्म. त्यात ओळी असतात. पहिल्या ओळीत थेट कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे झालं. म्हणजे खालून वर वाचलं की आजाराची गोष्ट कळली पाहिजे. हृदय आणि श्वास बंद पडणं हे मृत्यूचं कारण म्हणून लिहायचं नसतं, कारण ते प्रत्येकाचंच बंद पडतं. हा प्रश्न त्याच आठवड्यातल्या ग्रँड टेस्टमध्ये आला होता. मी बरोबर सोडवला होता. 4 गुण.

रात्री पावणेतीनला अकरा नंबरचे आजोबा गेले. लिव्हर सिऱ्हॉसिस, पोटात पाणी, दोनदा रक्ताच्या उलट्या. जेआर (ज्युनियर रेसिडेंट) सरांची सलग दुसरी इमर्जन्सी रात्र होती आणि बाहेर कॅज्युल्टीतून दोन ट्रॉल्या येऊन थांबल्या होत्या. सर म्हणाले, "फॉर्म भरून ठेव, मी सही करतो. सीआर अरेस्ट लिही." मी लिहिलं. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. सुवाच्य अक्षरात. त्याच्या खालची ओळ कोरी. सरांनी चालता चालता सही केली.

आजोबांचा मुलगा दाराशी उभा होता, हातात आजोबांची चप्पल घातलेली प्लास्टिकची पिशवी. त्याने कागद घेतला, वाचायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "मॅडम, म्हणजे नेमकं काय झालं होतं ओ आमच्या बाबांना?"

मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लिव्हर कसं आकसतं, अन्ननलिकेतल्या शिरा कशा फुगतात, त्या फुटल्या की रक्त कसं थांबत नाही. पाच मिनिटं बोलत होते. त्याला समजलं. तो म्हणाला, "मग हे लिवलंय का यात?" मी म्हणाले, "हो." ते लिहिलेलं नव्हतं.

एवढंच. पुढे काही झालं नाही, कोणी विचारलं नाही. तो फॉर्म कुठल्या तरी गठ्ठ्यात गेला असेल आणि राज्याच्या आकडेवारीत एक आजोबा विनाकारण गेले असतील. पण त्यानंतर कुठल्याही टेस्टमध्ये तो प्रश्न आला की माझा हात क्षणभर थांबायचा. नको तिथे.

कॅलेंडरचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. प्लॅन करायचा म्हणजे शेवटची तारीख माहीत पाहिजे. आमच्या वर्षी नीट-पीजीची तारीख आधी 3 मार्च 2024 सांगितली गेली. मी कॅलेंडरवर लाल गोल केला. जानेवारीत ती 7 जुलै झाली. दुसरा गोल. मार्चमध्ये ती पुढे जाण्याऐवजी मागे आली, 23 जून. तिसरा गोल. शिवाय नवा नियम आला. 200 प्रश्नांचे 5 भाग, प्रत्येकी 40 प्रश्न आणि 42 मिनिटं, भाग संपला की मागे जाता येणार नाही. आधी 'मार्क' करून ठेवायचे आणि शेवटी परत यायचं अशी ज्यांची सवय होती त्यांची वर्षभराची प्रॅक्टिस पाण्यात. त्यात नेक्स्ट नावाची नवी परीक्षा येणार, नीट-पीजी बंद होणार, असली हूल दर दोन महिन्यांनी उठायची.

माझी एक मैत्रीण अमेरिकेच्या परीक्षांच्या मागे होती. तिचं शेवटचं वर्ष मी लांबून बघत होते. सप्टेंबरमध्ये अर्ज, मग मुलाखती, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅच, म्हणजे कोणाला कुठलं रुग्णालय मिळालं त्याचा निकाल. तिचा खर्च ऐकून माझ्या बाबांना घाम फुटला असता, आणि व्हिसाची धाकधूक वेगळीच. पण तारखा! तिच्या तारखा हलत नव्हत्या. मला तिच्या अमेरिकेचा हेवा वाटला नाही, तिच्या कॅलेंडरचा वाटला.

इंटर्नशिप एप्रिलमध्ये संपली. राज्याच्या बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष डोक्यावर होतंच, ते केलं नाही तर 10 लाख दंड. दर महिन्याच्या 11,000 विद्यावेतनातून मेस, क्लासच्या ॲपचे पैसे आणि बार्शीच्या एसटीचं तिकीट निघायचं, 10 लाख कुठून निघणार. ठरवलं, आधी परीक्षा, मग बघू. घरी गेले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी लगेच माझं वेळापत्रक ताब्यात घेतलं. पहाटे पाचला चहा आणि टेबलावर दिवसभराचे विषय लिहिलेली चिठ्ठी, गुरुजींच्या अक्षरात. 'आज मायक्रोबायालोजी'. स्पेलिंगवरून आम्ही भांडलो नाही.

22 जूनला शनिवारी आम्ही पुण्यात एका लॉजवर उतरलो. संध्याकाळी बाबा एकटेच बाहेर गेले आणि तासाभराने परत आले. लॉजपासून केंद्रापर्यंत चालून बघितलं होतं. "अठरा मिनिटं. सिग्नल लागला तर वीस," म्हणाले आणि तेही चिठ्ठीवर लिहून माझ्या ॲडमिट कार्डाला टाचलं. मी साडेनऊलाच दिवा बंद करून पडले.

दहाच्या सुमाराला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. परीक्षा पुढे ढकलली. खबरदारी म्हणून. सकाळी नऊला पेपर, आणि रात्री दहाला हे. मी अंधारात उठून बसले. बाहेर बोळकांडीत एक दार उघडलं, मग दुसरं, मग चौथं-पाचवं. त्या लॉजच्या त्या मजल्यावर बहुतेक आम्हीच होतो सगळे. ट्रॅक पँट, विस्कटलेले केस, हातात फोन. कोणी ओरडलं नाही. एक मुलगी भिंतीला टेकून हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. एकजण नांदेडहून आला होता, दहा-बारा तासांचा प्रवास करून. तो फक्त म्हणाला, "रिटर्न तिकीट उद्या रात्रीचं आहे."

बाबा खाली काउंटरवर गेले. मला वाटलं पाणी आणायला. ते मॅनेजरशी अर्ध्या भाड्याची घासाघीस करत होते. तोही बिचारा, त्याच्याकडे तेव्हा सगळेच बाप उभे होते.

चौथा गोल 11 ऑगस्ट. या वेळी केंद्र हैदराबाद आलं. सोलापूरहून गाडी. आम्ही नऊ तारखेला निघालो आणि त्याच दिवशी कोलकात्याची बातमी आली. आर. जी. कर मेडिकल कॉलेजमधली चेस्ट मेडिसिनची रेसिडेंट, रात्रपाळीत सेमिनार रूममध्ये जरा आडवी झाली होती. तिच्यावर बलात्कार करून तिला मारून टाकलं होतं. मी गाडीत नोट्स उघडून बसले होते, पानं उलटत नव्हती. बाबांनी बातमी वाचली, फोन खिशात ठेवला, बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या तिकडं झोपायची खोली आतनं बंद होते का?"

ज्या नोकरीसाठी मी परीक्षेला निघाले होते तीच नोकरी ती करत होती. मी म्हणाले, "होते." हे दुसरं खोटं उत्तर. आमच्या कॉलेजात ड्युटी रूमची कडी वर्षभर तुटलेली होती, आम्ही दाराला सलाइनचा स्टँड लावायचो.

पेपर बरा गेला. दोन शिफ्ट, मग नॉर्मलायझेशन, त्यावरचे वाद, कोर्ट, काउन्सेलिंगचे राउंड, हे सगळं ज्याला सोसायचं त्याने सोसलेलं आहे आणि इतरांना त्यात रस नाही. वर्षाखेरीला मला पीडियाट्रिक्स मिळालं, दुसऱ्या एका सरकारी कॉलेजात. 2025 मध्ये तर कोर्टाने एकच शिफ्ट घ्यायला सांगितली आणि 15 जूनची परीक्षा 3 ऑगस्टवर गेली. माझ्या ज्युनियर्सनी त्यांच्या त्यांच्या कॅलेंडरांवर गोल केले असतील.

आणि मी जेआर वन झाले. म्हणजे ज्या बाजूने मी पळायचे त्याची दुसरी बाजू आता माझी. इंटर्न आला नाही की त्याचं काम कोण करतं हे मला आधी कळायचं कारणच नव्हतं. कळलं. सकाळी सहाला चौदा मुलांचे नमुने, त्यात चार नवजात, दोघांच्या शिरा आधीच सगळ्या टोचून संपलेल्या. साडेआठला राउंड. तोवर फाइल, रिपोर्ट, डोस. तीन इंटर्न कागदावर, एक वॉर्डात. बाकीचे दोघं कुठे असतात ते मला पक्कं माहीत आहे, कोणत्या खुर्चीवर तेसुद्धा. पहिल्या महिन्यात मी चिडून एकाला फोन केला होता. तो म्हणाला, "मॅम, संडेला जीटी आहे." जीटी म्हणजे ग्रँड टेस्ट. मी फोन ठेवला. काय बोलणार? सह्या नाही देणार, असं म्हणता येतं. म्हटलंही असतं. पण मग त्या गायनॅकच्या आठवड्यांचं काय करायचं?

सीनियर लोक व्हॉट्सॲपवर लिहितात की इंटर्नशिप मनापासून करा, हे दिवस परत येत नाहीत. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना रँक मिळालेली असते. वॉर्डात वर्षभर राबलेल्या पोराला त्याचा एकही मार्क मिळत नाही. नीट-पीजीमध्ये 'परमनंट'ला माझ्यापेक्षा कमी गुण पडले. तो आता एका तालुक्याच्या ठिकाणी बाँडवर मेडिकल ऑफिसर आहे, आणि मागच्या महिन्यात त्याने रात्री दीड वाजता मला फोन करून एका फिट येणाऱ्या बाळाचा डोस विचारला. मी सांगेपर्यंत त्याने शीर लावून औषध चढवायला घेतलेलंही होतं. डोस तेवढा पडताळून बघत होता. माझ्या वॉर्डात असा एक इंटर्न असता तर मी त्याला ओवाळलं असतं. आणि तो माझा धाकटा भाऊ असता तर त्याला कान धरून हॉलमध्ये बसवलं असतं. दोन्ही खरं आहे.

त्या मुलीला मी काय सांगितलं? पोस्टिंगचा क्रम ऑफिसात जाऊन आत्ताच बघून ये, म्हणाले. शेवटी काय येतंय त्यावर सगळं उलटं आख. छोटे विषय आधी संपव, ते टिकतात. तारखेला गोल पेन्सिलने कर. आणि फॉर्म चारबद्दल सांगितलं, का ते नाही सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं, तिसऱ्या रंगात.

पुढचा रविवार. सकाळी पावणेसहाला ती वॉर्डात हजर, पण ॲप्रनच्या आत बाहेर जायचे कपडे. "मॅम, आज आठला जीटी आहे. मी गेले तर चालेल का? बाकीचे दोघं..." वाक्य तिने पूर्ण केलं नाही. बाकीचे दोघं आलेच नव्हते.

यादी बघितली. चौदा.

"सात तू, सात मी," म्हटलं. "मग जा."

आम्ही दोन टोकांकडून सुरुवात केली. जांभळे, लाल, निळे बल्ब दोन ट्रेमध्ये वाटून घेतले. तिचा हात हळू आहे, पण घाई करत नाही, हे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. नऊ नंबरला आम्ही समोरासमोर आलो. ते माझ्या वाट्याचं बाळ होतं. दीड महिन्याचं, सुकलेलं, आदल्या रात्री दाखल झालेलं. मी डावा हात बघितला, उजवा बघितला, पाय बघितला, दोनदा टोचलं. नाही मिळाली. बाळाची आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होती. मावशी टॉर्च धरून उभ्या होत्या.

"मॅम, मी बघू?"

पिवळी चोवीस नंबर तिच्या हातात दिली. तिने बाळाचा तळहात वळवला, मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलकंसं ताणलं, टॉर्च जरा खाली घ्या म्हणाली, आणि एकदाच टोचलं. नळीत रक्त आलं. सावकाश, पण आलं. ती श्वास रोखून बल्बकडे बघत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. आठला दहा कमी होते आणि तिच्या ट्रेमध्ये अजून दोन नावं होती.